कमोड खुर्ची, डायपर आणि पोट साफ होण्याचं बाकी सामान: वापरून सांगतो

घरातल्या म्हाताऱ्या माणसाचे कपडे ओले व्हायला लागले की पहिली धाव मेडिकलकडे जाते आणि डायपरचं पाकीट घरात येतं. माझं मत आधीच सांगून टाकतो. डायपर सगळ्यात शेवटी घ्या. आधी कमोड खुर्ची, पायाखाली पाट, रात्रीचा छोटा दिवा, आणि पोट खरंच साफ होतंय का याची डॉक्टरांकडून तपासणी. एवढं करून जे उरेल त्याला डायपर. आमच्याकडे आता तो रात्री लागतो आणि गाडीनं कुठं जायचं असेल तेव्हा. दिवसा नाही.

मी एसटीत मेकॅनिक होतो, कऱ्हाडला. वस्तू उलटी करून जोड बघितल्याशिवाय पैसे काढायचे नाहीत ही सवय तिथलीच. आई सत्त्याऐंशीची आहे. गुडघे गेलेत, नजर बरी आहे, तोंड त्याहून बरं. खाली जे लिहितोय ते सगळं तिच्यासाठी आणलेलं आणि तिनं नावं ठेवून वापरलेलं सामान आहे. जिथं तक्रार आहे तिथं कंपनीचं नाव घेत नाही. या धंद्यात एकच माल चार स्टिकर लावून येतो, त्यामुळं नावापेक्षा दोष कुठं बघायचा ते कळलेलं बरं.

कमोड खुर्चीपासून सुरू करतो. सर्जिकलच्या दुकानात तीन-चार प्रकार दिसतात. साधी चार पायांची, घडीची, चाकांची, आणि वर गादीचं झाकण असलेली, जी दिवसा नेहमीच्या खुर्चीसारखी वापरा असं दुकानदार सांगतो. गादीवाली घेऊ नका. रेक्झिनच्या शिलाईतून लघवी फोममध्ये मुरते आणि मग तो वास फिनेलच्या बापालाही जात नाही. बसायची सीट एकसंध प्लॅस्टिकची हवी, उचलून नळाखाली धरता येईल अशी.

मग खुर्ची आडवी करून बघा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. पाइप जिथं जोडलाय तिथं वेल्डिंग सगळीकडून फिरलंय का नुसते दोन टाके मारलेत ते बघायचं. पाइपाची टोकं उघडी असतील तर न्हाणीतलं पाणी आत शिरतं आणि गंज आतून लागतो, बाहेरचा रंग तसाच चकचकीत राहतो. रोज धुणार असाल तर स्टेनलेस स्टीलची किंवा ॲल्युमिनियमची घ्या, हजार-पाचशे जास्त गेले तरी. पावडर कोटिंगची खुर्ची खाटेशेजारी कोरड्यात ठेवायची असेल तर चालते. आमची दोन हजार सातशेला बसली, उंची कमीजास्त करायची सोय असलेली. किती किलो वजन पेलेल ते लिहिलेलं असतं, तो आकडा वाचा आणि माणूस धपकन बसणारा असेल तर त्यातून थोडं वजा धरा.

उंचीला बहुतेक जण किंमत देत नाहीत, आणि सगळं तिथंच असतं. माणूस बसल्यावर तळपाय पूर्ण जमिनीला टेकले पाहिजेत. पण उंची फार कमी केली तर उठता येत नाही, कारण गुडघ्यांवर सगळा भार येतो. म्हणून आम्ही खुर्ची उठायला सोपी जाईल एवढी उंच ठेवली आणि बसल्यावर पायाखाली लाकडी पाट सरकवायचा असं ठरवलं. गुडघे कमरेच्या थोडे वर आले पाहिजेत, अंग किंचित पुढं झुकलेलं, कोपर मांडीवर. यामागचं कारण मला फिजिओथेरपिस्ट बाईंनी समजावलं आणि ते लगेच पटलं. गुदाशयाच्या खालच्या टोकाला एक स्नायू पट्ट्यासारखा मागून पुढं ओढून धरलेला असतो, त्यानं तिथं कोन तयार होतो. उकिडवं बसलं की पट्टा सैल पडतो आणि कोन सरळ होतो. डिझेलचा होज वाकला की इंजिन बंद पडतं, हे ज्यानं बघितलंय त्याला आणखी काही सांगायला नको. आयुष्यभर उकिडवं बसलेल्या बाईला उंच कमोडवर पाय लोंबकळत बसवायचं आणि मग पोट साफ होत नाही म्हणून औषधं द्यायची, असं बऱ्याच घरांत चाललेलं असतं. पाट घरात होताच. हळदीकुंकवाचा होता, आता त्याचं खातं बदललं.

पायांचे रबरी बूट झिजतात. वॉकरचे बूट मिळतात तेच बसतात, व्यास मोजून न्या. चाकांची खुर्ची घ्यायची तर किमान दोन चाकांना ब्रेक हवा, आणि ब्रेक लावल्याशिवाय कुणी बसवायचं नाही हे घरात सगळ्यांच्या डोक्यात बसलं पाहिजे. वेस्टर्न कमोडवर चाकांची खुर्ची सरकवून वापरता येते, फक्त खुर्चीच्या खालच्या दांडीची उंची आणि कमोडच्या भांड्याची उंची आधी टेपनं मोजा. आमच्या भाच्याकडं ती अर्ध्या इंचानं अडकली. भारतीय पद्धतीच्या संडासावर ठेवायचा प्लॅस्टिकचा भोकाचा स्टूलही मिळतो. स्वस्त आहे. पण हलका असतो आणि ओल्या फरशीवर सरकतो, त्यामुळं एका हातानं धरायला भिंतीत दांडी बसवल्याशिवाय त्याच्या नादी लागू नका.

खुर्ची घरी आली आणि आई तिच्याकडं बघेचना. कारण विचारलं तर म्हणाली, "देवासमोर बसू व्हय रं तिथं?" खाट देवघराच्या खोलीत होती, आणि खुर्ची खाटेशेजारीच ठेवायची होती. आता देव हलवायचे का खाट, यावर घरात बराच खल झाला. खाट हलली. बाहेरच्या सोप्यात आली, तिथून न्हाणी चार पावलांवर. दाराला जाड पडदा लावला. त्या दिवसापासून खुर्ची सुरू झाली. भांड्यात आधी थोडं पाणी घालून ठेवा, काही चिकटत नाही आणि धुणाऱ्याचा संताप होत नाही.

आता पोटाचं. मागल्या थंडीत आईला सारखी पातळ शी होत होती. थोडी थोडी, कळायच्या आत, कपड्यांत. मेडिकलवाल्यानं जुलाब बंद होण्याच्या गोळ्या काढून ठेवल्या होत्या. आमची मंडळी, म्हणजे बायको, म्हणाली, "अहो, आधी डॉक्टरांना दाखवू, आत्यांचं पोट बघा किती फुगलंय." आमचे डॉक्टर जुने आहेत, घरी आले. त्यांनी हातमोजा चढवला, बोटानं तपासलं आणि म्हणाले, जुलाब कसले, खाली खडा होऊन सगळं तुंबलंय आणि वरचं पातळ तेवढं कडेनं झिरपतंय. त्यावर बंद होण्याच्या गोळ्या दिल्या असत्या तर काय झालं असतं ते त्यांनी सांगितलं, आणि मंडळी आठवडाभर माझ्याकडं विजयी मुद्रेनं बघत होती. नर्स बाई येऊन एनिमा देऊन गेल्या, दोन-तीन दिवसांत मोकळं झालं. आणि त्याबरोबर लघवीची गळतीही निम्म्यावर आली. गुदाशय भरलेलं असलं की ते मूत्राशयावर दाबतं, मूत्राशय धड भरतही नाही आणि धड रिकामंही होत नाही. हे आधी कुणी सांगितलं असतं तर डायपरची कितीतरी पाकिटं वाचली असती.

म्हणून पोटाच्या सामानाचाही आढावा घेतो.

इसबगोल आपल्याकडं घरोघरी असतो, गुजरातेतून येतो, स्वस्त आणि चांगला. पण तो पाणी धरून फुगतो, म्हणून पेलाभर पाण्यातून घेऊन वर आणखी पाणी प्यायला लागतं. जी व्यक्ती दिवसभरात चार घोट पाणी पिते आणि अंथरुणावरून हलत नाही, तिला इसबगोल दिला तर तो आत जाऊन घट्ट गोळा होऊन बसू शकतो. आमच्या डॉक्टरांनी आईचा बंद केला. मी स्वतः घेतो, मला उत्तम.

लॅक्टुलोजचं सिरप गोड असतं, आईला आवडतं, पण गॅस होतो आणि तिची शेरेबाजी वाढते. पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर पाण्यात विरघळवून द्यायची, तिनं शी मऊ राहते. आमच्याकडं शेवटी हीच टिकली. दोन्ही औषधं आतड्यात पाणी धरून ठेवतात, त्यामुळं आज घेतलं आणि तासाभरात झालं असं होत नाही, एक-दोन दिवस लागतात. लोक रात्री वाट बघून सकाळी दुप्पट देतात आणि मग परवा सगळ्यांची धावपळ. एरंडेलाबद्दल गावाकडं फार प्रेम आहे. अशक्त माणसाला त्यानं मुरडा येतो आणि पाणी निघून जातं, आम्ही ते घराबाहेर ठेवलं. ग्लिसरीनची गुदवर्ती, म्हणजे शीच्या जागेतून आत सरकवायची वडी (सपोझिटरी), खालीच शी अडकली असेल तेव्हा सोपी आणि सौम्य. मेडिकलमध्ये मिळणारी फॉस्फेट एनिमाची बाटली मात्र मनानं वापरू नका. किडनी नाजूक असलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या रक्तातले क्षार तिनं बिघडू शकतात, आणि आपल्या आईवडिलांच्या किडनीची स्थिती आपल्याला बहुतेक वेळा माहीत नसते.

एक गोष्ट फुकटची आहे. सकाळी गरम चहा आणि काहीतरी खाल्लं की पोटाकडून मोठ्या आतड्याला आपोआप हाक जाते. तेवढ्यात, म्हणजे पाव-अर्ध्या तासात, खुर्चीवर बसवायचं. रोज त्याच वेळी, झालं तरी आणि नाही झालं तरी, दहा मिनिटं. आई आधी म्हणायची, मला लागली की मी सांगीन. पण लागल्याचं कळेपर्यंत उशीर झालेला असायचा. आता चहा आणि मग खुर्ची हे ठरून गेलंय.

मी खुर्चीमागं एक वही लटकवली आहे. तारीख, वेळ, कशी झाली. एसटीत प्रत्येक गाडीची लॉगशीट असते, आईची का नको? कशी झाली हे लिहायला डॉक्टरांनी एक तक्ता दिला. इंग्लंडातल्या ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेला, सात नंबरांचा. एक म्हणजे सुटे कडक खडे, चार म्हणजे मऊ, लांब, गुळगुळीत, सात म्हणजे नुसतं पाणी. तीन-चार आलं की घरात सगळे खूश. फोनवर डॉक्टरांना "एक नंबर, तीन दिवसांनी" एवढं सांगितलं की पुढचं ते बघतात, पाहुण्यांसमोरसुद्धा बोलता येतं. पुण्याची बहीण फोन केला की आधी विचारते, "दादा, आज कितवा नंबर?"

वहीचा दुसरा उपयोग लघवीसाठी झाला. किती वाजता, साधारण किती, आणि आधी काय झालं होतं. तीन दिवस नीट लिहून डॉक्टरांना दाखवा, त्यांना बरंच काही कळतं. खोकताना, शिंकताना, उठताना थेंब जातात ती एक तऱ्हा. अचानक जोराची लागते आणि दारापर्यंत पोचता येत नाही ती दुसरी. मूत्राशय पूर्ण रिकामंच होत नाही आणि भरून वाहतं ती तिसरी, पुरुषांत प्रोस्टेटमुळं जास्त दिसते. आणि चौथी तऱ्हा अशी की मूत्राशय ठणठणीत आहे पण गुडघे, अंधार, कडी, नाडीची गाठ यांच्यामुळं वेळेत पोचता येत नाही. आईची दुसरी आणि चौथी मिसळलेली निघाली. चौथीवर औषध नाही, पण खाट हलवून, दिवा लावून आणि नाडी काढून इलास्टिक घालून ती बरीचशी गेली. नऊवारीवरून गाऊनवर यायला आईनं फार त्रास दिला. आता गाऊन घालते, पण खांद्यावर टॉवेल पदरासारखा घेतल्याशिवाय कुणाला भेटत नाही.

वहीतूनच दिसलं की रात्री तीन-तीनदा उठणं पाय सुजल्याच्या दिवशी जास्त होतं. तिची लघवी होण्याची गोळी संध्याकाळी दिली जात होती, डॉक्टरांनी ती सकाळी आणली. गोळ्यांची वेळ आपल्या मनानं बदलू नका, पण विचारा जरूर. तसंच लोहाच्या, कॅल्शियमच्या आणि ट्रॅमाडॉलसारख्या दुखण्याच्या गोळ्यांनी पोट धरतं, सगळ्या गोळ्यांची पिशवी एकदा डॉक्टरांसमोर ओता. पाणी तोडणं हा उपाय अनेक घरांत चालतो आणि तो सगळ्यात वाईट. लघवी घट्ट होते, मूत्राशयाला झोंबते, आणखी लागते, आणि पोटही कडक होतं. संध्याकाळनंतर थोडं कमी, दिवसा भरपूर, एवढं पुरे. अर्थात हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर पाणी किती ते डॉक्टरच सांगतील. माणूस अचानक असंबद्ध बोलायला लागला, ताप आला, शीमधून रक्त गेलं, किंवा पोट फुगून उलट्या सुरू झाल्या तर वही बाजूला ठेवा आणि गाडी काढा.

आता डायपर. दोन प्रकार आहेत, चड्डीसारखा चढवायचा आणि दोन्ही बाजूंनी टेप लावायचा. चालतंफिरतं माणूस असेल तर पहिला, कारण तो स्वतःचा स्वतःला खाली-वर करता येतो आणि माणसाची अब्रू राहते. झोपून असेल तर टेपचा. चड्डीवाला ओला झाल्यावर पायांतून खाली ओढू नका, बाजूच्या शिवणी फाडून काढा, नाहीतर आतलं सगळं मांडीला लागतं. हे पाकिटावर लिहिलेलं असतं आणि कुणी वाचत नाही.

माप वजनावर घेऊ नका. कंबर आणि नितंब, जे मोठं भरेल ते इंचांत मोजा आणि पाकिटावरच्या आकड्याशी जुळवा. मोठं घेतलं की जास्त मावतं असं वाटतं. मावत नाही, मांडीजवळ फट राहते आणि तिथूनच गळतं. टेप लावताना खालच्या टेपा थोड्या वर चढत्या आणि वरच्या थोड्या खाली उतरत्या लावा, बसतो चांगला. आतली जी उभी झालर असते ती बोटानं उभी करा. बहुतेक वेळा गळती या झालरीच्या घडीतून होते आणि दोष कंपनीला मिळतो.

शोषून घेण्याच्या जाहिरातींबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण ही परीक्षा मी स्वतः केली. आतमध्ये कापसाच्या लगद्यात सोडियम पॉलिॲक्रिलेटचे दाणे असतात, ते पाणी पिऊन जेल होतात. शुद्ध पाणी ते स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पितात. पण पाण्यात मीठ असलं की ही ताकद कितीतरी पटींनी उतरते, आणि लघवीत मीठ असतं. म्हणून दुकानातला पोरगा साधं निळं पाणी ओतून दाखवतो त्याला अर्थ नाही. घरी एक लिटर पाण्यात दीड चहाचा चमचा मीठ घाला, कोमट करा आणि दर वेळी दोनशे मिली, मध्ये वेळ सोडून, एकाच जागी ओता. मग वर वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा ठेवून पाच किलो गव्हाची पिशवी ठेवा, कारण वापरणारं माणूस त्यावर बसलेलं किंवा झोपलेलं असणार. कागद किती ओला होतो ते बघायचं.

महागडा आणि मधला यांच्यात पहिल्या दोन ओतण्यांना काही फरक निघाला नाही. तिसऱ्याला मधल्याचा कागद ओलसर झाला, महागड्याचा कोरडा. एकदम स्वस्त, सुट्ट्या नगावर मिळणारा डायपर पहिलं पाणी लगेच प्यायला आणि दुसऱ्याला कडेनं सोडून दिलं. उघडून बघितला तर दाणे कमी आणि लगदा जास्त, तोही एका बाजूला सरकलेला. निष्कर्ष असा की दिवसा दर तीन-चार तासांनी बदलणार असाल तर मधला घ्या, रात्रीसाठी चांगला घ्या, स्वस्तातला कशालाच घेऊ नका. बाहेरची पिवळी रेघ ओल लागली की रंग बदलते, ती सोय मधल्यातही येते. बारा तास चालतो असं लिहिलेलं असलं तरी शी झाल्यावर बारा मिनिटंही ठेवायचा नाही.

आईला पहिल्यांदा घालायला गेलो तेव्हा म्हणाली, "मला काय लंगोट बांधतोस व्हय रं? मी बांधलेत तुझे." यावर आपल्याकडं उत्तर नसतं. मंडळीनं मला बाहेर पाठवलं आणि दोघींनी आपापसांत मिटवलं. त्यानंतर आमच्या घरात त्याला "रात्रीची चड्डी" म्हणतात.

कातडीसाठी जे जे आणलं त्यातलं बरंचसं फेकून दिलं. जंतुनाशकाच्या पाण्यानं पुसू नका, झोंबतं आणि कातडी कोरडी होते. पावडर मारू नका, घामात तिचे गोळे होऊन काचतात. कोमट पाणी, मऊ सुती कापड, पुढून मागं पुसायचं, घासायचं नाही, टिपायचं. पूर्ण कोरडं झाल्यावर झिंक ऑक्साइडच्या मलमाचा पातळ थर. जाड थापलं तर ते डायपरच्या आतल्या कापडाला लागतं आणि शोषणं कमी होतं, पेट्रोलियम जेलीचंही तेच. जिथं कातडी लाल आहे आणि दाबून सोडल्यावर लालपणा जात नाही, विशेषतः माकडहाडाजवळ, तिथं मलमाचे प्रयोग थांबवून डॉक्टरांना दाखवा. ती अंथरुणाच्या जखमेची सुरुवात असू शकते.

अंडरपॅड, म्हणजे अंगाखाली पसरायचं शोषणारं पॅड, चांगली वस्तू आहे, साठ बाय नव्वद सेंटिमीटरचं माप घ्या, त्याहून लहान असेल तर कूस बदलली की बाजूला राहतं. दवाखान्यातली लाल रबराची चादर (मॅकिन्टॉश) गादी वाचवते, पण अंगाला घाम आणते, वर सुती घडी हवीच. धुवून पुन्हा वापरायचं जाड ड्राय शीट मिळतं, ते दोन ठेवा. आम्ही त्यावर आईच्या जुन्या लुगड्याची चौपदरी घडी घालतो. सगळ्या सामानात तिला आवडलेली हीच एक वस्तू.

बेडपॅनवर, म्हणजे झोपल्या जागी कमरेखाली सरकवायच्या भांड्यावर, जास्त लिहीत नाही. बसू शकणाऱ्या माणसाला तो देऊच नये, झोपून शी धड होत नाही.

सेवेला माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोकडून मावशी लावणार असाल तर पहिल्या दिवशीच विचारा की त्या उठवून खुर्चीवर बसवतील का नुसता डायपर बदलतील. दर दोन्हीचा सारखाच सांगतात. आमच्याकडं आलेल्या पहिल्या बाई दुसऱ्या प्रकारातल्या होत्या, आठवड्यात आईचं उठणं कमी झालं. आताच्या मावशी पाटणकडच्या, आईच्या वरचढ बोलतात, आणि उठवतात.

पैशाचं. डायपर नगाला पस्तीस ते पन्नास पडतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, तेव्हा जुनी किंमत छापलेला माल असेल तर हिशेब विचारा. मेडिकलपेक्षा सर्जिकलच्या दुकानात खोक्यावर चांगली सूट मिळते, पण पहिलं खोकं घेऊ नका, आधी एक पाकीट वापरून माप खात्रीचं करा. खुर्चीसाठी राज्य सरकारची मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे. पासष्ट वर्षांवरच्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्यांना साहित्य घ्यायला तीन हजार रुपये एकदाच खात्यावर येतात, आणि त्या साहित्यात कमोड खुर्ची आहे. आमच्या गल्लीत एका आजींना मिळाले. त्यांनी त्यातून चष्मा घेतला, तोही यादीत आहे.

वापरलेला डायपर घंटागाडीत टाकताना शी आधी संडासात झटका, मग डायपर गुंडाळून त्याच्याच टेपनं बंद करा आणि कागदात बांधून वेगळा द्या. सरकारच्या घनकचरा नियमांत हा कचरा गुंडाळून देणं आपल्यावरच टाकलेलं आहे. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेनं अशा पुडक्यावर लाल ठिपका काढायची मोहीम चालवली, म्हणजे वेचणाऱ्या हातांना न उघडता कळतं. बहिणीनं सांगितल्यापासून आम्हीही लाल पेननं मोठा ठिपका काढतो. गाडीवरच्या ताईंनी पहिल्या दिवशी विचारलं, हे काय? सांगितल्यावर म्हणाल्या, पलीकडच्या चार घरांनाही सांगा.

खुर्चीचे नट महिन्यातून एकदा आवळा. सहा एमएमचे बोल्ट असतील तर दहा नंबरचा पाना लागतो. दुकानदार तो देत नाही, मागून घ्या.